पहिला आवाज

सेवामित्र महिपती शितोळे यांना क्लबाचा अध्यक्ष व्हायचं होतं. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी व्हायचं असतंच. कुणाला नातवंडांचा लाडका आजोबा व्हायचं असतं, कुणाला सोसायटीचा सेक्रेटरी. महिपतरावांना हवा होता तो निळा पट्टा, ज्याच्या टोकाला पितळी पदक लोंबतं आणि जो गळ्यात घालून अध्यक्ष लाकडी हातोडीनं टेबलावरची घंटा वाजवतात. वारज्याच्या सेवामित्र क्लबात प्रत्येक सभासदाच्या नावाआधी 'सेवामित्र' लावायची पद्धत आहे. बाकीचे ते बैठकीपुरतं लावतात. महिपतरावांनी ते दारावरच्या पाटीवर लावलं, मुलाच्या लग्नपत्रिकेत छापलं आणि पार्किंगवरून भांडण झालं तेव्हा तक्रारअर्जाखालीसुद्धा लिहिलं.

माणूस कामाचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे. रक्तदान शिबिरात चहा-बिस्किटं वाटायला तेच उभे असत. टेकडीवर क्लबानं लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घालायला बाकीचे सेवामित्र फोटोपुरते येत आणि महिपतराव कॅन घेऊन रोज जात. डोळे तपासायला आलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून खुर्चीत बसवावं, त्यांच्या चपला जागेवर ठेवाव्यात, त्यांची तीच ती रडगाणी हसतमुखानं ऐकावीत, हे सगळं ते मनापासून करत. परक्या म्हाताऱ्यांशी इतकं गोड बोलणारा माणूस वारज्यात दुसरा नव्हता.

क्लबाचे अध्यक्ष अनिरुद्ध आगाशे, मूळचे शनिवार पेठेतले, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. हसायचे फक्त दुसऱ्याला. महिपतरावांनी पहिल्यांदा क्लबात भाषण केलं तेव्हा आगाशे म्हणाले होते, "शितोळे, छान बोललात. संपलं कधी ते कळलं नाही, एवढंच." महिपतराव ते दोन दिवस स्तुती समजून चालले होते. याच आगाशांनी यंदा सांगितलं की 'पहिला आवाज' जो नीट पार पाडेल त्याचं नाव पुढच्या अध्यक्षपदासाठी आपण सुचवू. 'पहिला आवाज' हा क्लबाचा मानाचा कार्यक्रम होता. महिपतरावांनी तो अंगावर घेतला.

आता त्यांच्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण महिपतराव स्वतःहून कधीच सांगत नसत. राधाक्का त्यांच्याहून मोठी, हडपसरला दिलेली. नवऱ्याची पिठाची गिरणी होती. तो लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, आणि राधाक्कानं गिरणी चालू ठेवली. वाघोलीच्या पलीकडच्या खेड्यातून महिपती इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला पुण्यात आला तो तिच्याकडेच. गिरणीवरच्या पोटमाळ्यावर तो झोपायचा, तिथंच अभ्यास करायचा. सकाळी कितीही झटकलं तरी शर्टाच्या शिवणीत पीठ राहायचंच. वर्गातली पोरं त्याला 'पीठ्या' म्हणायची. पोटमाळा, दोन वेळचं जेवण, परीक्षेची फी, हे सगळं त्याच्या डोक्यातून यथावकाश गेलं. 'पीठ्या' तेवढं राहिलं.

गिरणीच्या घरघरीत उभं आयुष्य काढून राधाक्काचे कान गेले. आधी एक, मग दुसरा. गिऱ्हाईक डबा पुढं करून ओठांनी आणि बोटांनी सांगायचं, गहू की ज्वारी, जाड की बारीक, आणि तिचं चालायचं. स्वतः मात्र ती सगळ्या जगाला ऐकू येत नाही अशा समजुतीनं बोलायची. महिपतरावांच्या मुलाच्या लग्नात तिनं भर पंगतीत भाच्याला हाक मारली तेव्हा आगाशांच्या टेबलावरचे सगळे वळून बघू लागले. आगाशांनी अदबीनं विचारलं की या कोण. महिपतरावांची बायको प्रेमला म्हणाली, गावाकडच्या ओळखीच्या आहेत. महिपतराव शेजारीच उभे होते आणि राधाक्काही दोन हातांवर होती. ती सगळ्यांकडे बघून हसली, कारण ऐकू येत नसलं की माणूस हसून वेळ मारून नेतो.

तेव्हापासून तिच्यासमोर काहीही बोलता येतं ही त्या घराची सवय झाली. ती पुरणपोळ्या लाटत बसायची आणि प्रेमला तिच्याकडे बघत, गोड चेहऱ्यानं, हिला जेवणानंतर लगेच बसमध्ये बसवून द्या म्हणून सांगायची. महिपतराव मान हलवायचे. कुणाच्या तोंडावर शिवी देण्यापेक्षा हे वाईट, पण ते त्यांना कधी वाईट वाटलं नाही. भाऊबीजेला मात्र ते न चुकता हडपसरला जात. त्या दिवशी गिरणी बंद असायची. ती त्यांना पाटावर बसवून ओवाळायची, दोन्ही हात त्यांच्या डोक्यावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची आणि तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून हसायची.

'पहिला आवाज'मध्ये गरजूंना कानाची मशीनं वाटत. बहुतेकांची आधीच दवाखान्यात बसवून होत. पण एकाचं मशीन क्लब मुद्दाम स्टेजवर चालू करी. आधी त्या माणसाचा परिचय वाचायचा. मग मशीन चालू करायचं. सभागृह चिडीचूप होई आणि अध्यक्ष हातोडीनं घंटा वाजवत. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे काही होई ते मोठ्या पडद्यावर दाखवत, लोक डोळे पुसत आणि पुढच्या वर्षीच्या देणग्या तिथल्या तिथे जमत. दिवसभराची सेवा त्या एका चेहऱ्यावर तोललेली असे. गेल्या वर्षीचा म्हातारा घंटा ऐकून नुसताच 'बरं' म्हणाला होता, त्याबद्दल आगाशे अजून टोमणे मारत.

म्हणून महिपतराव चेहऱ्याच्या शोधात होते. कानांची तपासणी करणारी स्पृहा ही तरुण मुलगी त्यांना म्हणाली की स्टेजसाठी असं कुणी बघा ज्यांचं ऐकणं मोठेपणी गेलंय, ज्यांना बोलता चांगलं येतं. तेव्हा त्यांना राधाक्का आठवली. खरं तर या माणसाला बहिणीसाठी मशीन केव्हाच विकत घेता आलं असतं. पेन्शन चांगली होती, मुलगा परदेशी होता. पण जे क्लबातून फुकट मिळतंय त्यासाठी खिशात हात कशाला घाला, हा विचार त्यांना अगदी रास्त वाटला. अडचण एकच होती. सभासदाच्या नातेवाइकाला क्लबाची मदत द्यायची नाही असा नियम होता, आणि तो ठराव बैठकीत मांडला होता सेवामित्र महिपती शितोळे यांनीच.

ते तिला तपासणीला घेऊन गेले ते क्लबाचे कार्यकर्ते म्हणून. स्पृहानं रिपोर्ट बघितले आणि खूश झाली. "काका, या परफेक्ट आहेत. सवय नसल्यानं सुरुवातीला शब्द जरा उशिरा कळतील त्यांना, पण क्लॅरिटी मस्त येईल. फक्त फॅमिलीतलं कोणीतरी येऊ दे ना त्या दिवशी. पहिल्यांदा ऐकताना ओळखीचा आवाज असला की पेशंट घाबरत नाही."

"त्यांना कुणी नाही," महिपतराव म्हणाले.

राधाक्का दोघांच्या मधे बसली होती आणि आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. बाहेर आल्यावर तिनं कानाकडे बोट दाखवून, भुवया उंचावून विचारलं. महिपतरावांनी मान डोलावून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी बसवून देतोय, असा त्याचा अर्थ तिनं घेतला आणि त्यांनीही तो तिला घेऊ दिला. हडपसरला पोचेपर्यंत तिनं रिक्षावाल्याला सांगितलं होतं, मग गल्लीला सांगितलं, मग दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की माझा भाऊ मला कानाचं मशीन बसवतोय.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ते तिच्याकडे गेले. तिनं त्यांनीच कधीतरी भाऊबीजेला दिलेली जांभळी इरकल काढून ठेवली होती, वर बोरमाळही. महिपतरावांनी ती साडी घडी करून परत ट्रंकेत ठेवली, दांडीवरची विटलेली साडी ओढून काढली आणि तिच्या हातात दिली. बोरमाळ डब्यात घालायला लावली. दवाखान्याच्या कामाला भारी लुगडं कशाला, असं म्हणत राधाक्का स्वतःच्याच हौसेला हसली. त्यांनी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, म्हणजे तिथं बोलायचं नाही. त्या आवाजावरून आगाशांना लग्नातली बाई आठवायला नको होती. तिनं शहाण्या मुलासारखी मान हलवली. गप्प बसायची तिला सवय होतीच.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. महिपतरावांकडे सूत्रसंचालन होतं. राधाक्काचा परिचय त्यांनीच लिहिला होता आणि मन लावून लिहिला होता. क्रम त्यांना पाठ होता, आधी परिचय, नंतर मशीन, आणि या क्रमावरच त्यांची सगळी मदार होती. परिचय वाचला जाईल तेव्हा ती बहिरी असेल. नंतर काय ऐकायचं ते ऐकू दे.

पण प्रमुख पाहुणे उशिरा आले. क्लबाचे विभागप्रमुख होते ते, आणि त्यांना पुढे वाघोलीला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. नगर रस्त्याची गर्दी त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होती. ते आगाशांच्या कानाला लागले, आगाशांनी महिपतरावांना खुणेनं बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की आधी मशीन, घंटा आणि फोटो उरकून घ्या, परिचय मागाहून वाचा. महिपतराव काही बोलायच्या आत स्पृहा राधाक्काच्या मागे जाऊन उभीही राहिली होती.

मशीन कानात बसलं. स्पृहानं मोबाईलवर काहीतरी केलं. सभागृह गप्प झालं आणि आगाशांनी घंटा वाजवली.

राधाक्का दचकली. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले, मग मान वळवून घंटेकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा झाला. टाळ्या कडाडल्या, तशी ती आणखी दचकली आणि आणखी हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. ती स्टेजभर महिपतरावांना शोधत होती. ते माइकपाशी दिसल्यावर तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की पहिल्या रांगेतल्या बायकांना उगाचच हुंदका आला.

परिचयाचा कागद महिपतरावांच्या हातात होता. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की ही माझी थोरली बहीण आहे. नियम मोडल्याबद्दल आगाशे चार दिवस टोमणे मारत राहिले असते, अध्यक्षपद दुसऱ्याला गेलं असतं, आणि गेल्या जन्मीचा 'पीठ्या' पुन्हा एकदा लोकांना कळला असता. याहून जास्त काही झालं नसतं. कागद बाजूला ठेवायला त्यांना भरपूर वेळ होता. पाहुणे घड्याळाकडे बघत होते, आगाशे त्यांच्याकडे बघत होते, आणि गळ्यातला पट्टा आगाशांच्या छातीवर चमकत होता. महिपतरावांनी घसा साफ केला.

"श्रीमती राधाबाई मगर," ते वाचू लागले.

आपलं नाव भावाच्या आवाजात ऐकून ती खुर्चीत पुढे सरकली. कित्येक वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता. तरुणपणीचा आवाज आता जाड झाला होता, पण होता त्याचाच. लहान मूल गोष्ट ऐकतं तशी ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. महिपतराव वाचत गेले, की पतीच्या निधनानंतर राधाबाई निराधार झाल्या, चार घरची कामं करून त्या पोट भरतात. गिरणीचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी एकदा मान वर केली. ती अजून हसत होती. शब्द तिच्यापर्यंत उशिरा पोचत असावेत. त्यांनी पुन्हा कागदात तोंड खुपसलं आणि शेवटची ओळ वाचली, जी लिहिताना त्यांना सगळ्यांत जास्त आवडली होती. जवळचं म्हणावं असं या जगात त्यांना कुणीही नाही. आज सेवामित्र क्लब हाच त्यांचा नातलग आहे.

टाळ्या पडल्या. राधाक्काचं हसू हळूहळू गेलं. तिनं महिपतरावांवरची नजर काढली, विटक्या साडीचा पदर हातात घेऊन बघितला आणि तो मांडीवर नीट पसरला.

आगाशे माइक घेऊन तिच्यापाशी गेले आणि त्यांनी वाकून विचारलं की आजी, काय काय ऐकू आलं. महिपतरावांना वाटलं, संपलं. आता ती नाव घेणार, महिपा म्हणणार, भर सभेत इज्जत काढणार. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा त्यांना भीती वाटली ती पट्ट्याची, तिची नव्हे.

"ह्या साहेबांनी वाचलं ते समदं ऐकू आलं," राधाक्का म्हणाली. कान गेल्यापासून पहिल्यांदा ती हळू बोलली. "खरं हाय त्यांचं. मला कुनी न्हाई."

सभागृह उभं राहिलं. विभागप्रमुखांनी वाघोलीला उशीर होत असतानाही तिला वाकून नमस्कार केला आणि फोटो काढवून घेतला. फोटोत महिपतरावही आहेत, तिच्या उजव्या बाजूला, हात जोडलेले. खाली उतरताना आगाशांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या माणसाच्या बोलण्यात त्या दिवशी खोच नव्हती.

"शितोळे, बाई चांगली निवडलीत."

कार्यक्रम संपल्यावर महिपतराव तिला शोधत मागच्या खोलीत गेले. स्पृहा डबे आवरत होती. मशीन चार्ज कसं करायचं ते त्यांना समजावून दिलंय, ती म्हणाली, एकदा सांगितल्यावर पटकन कळलं त्यांना. क्लबानं बाकीच्या लोकांसाठी गाडी ठरवली होती, तीत बसून त्या हडपसरला गेल्या. तुमची चौकशी केली नाही, हे तिनं सांगितलं नाही, कारण महिपतरावांनी ते विचारलं नाही.

घरी त्यांनी प्रेमलाला घडलेलं सांगितलं. मग तिनं विचारलं की मुलाच्या लग्नात, सणावाराला आपण जे बोलायचो, ते त्यांना ओठांवरून कळत असेल का हो. महिपतरावांनी तिच्यावर खेकसून दिवा घालवला.

दसऱ्याच्या बैठकीत पुढच्या वर्षीचे अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं. पेढे वाटले गेले. एक खोका त्यांनी हडपसरला नेण्यासाठी बाजूला काढला आणि तो फ्रिजमध्ये राहिला. ते मनाशी निरनिराळे हिशेब मांडत होते. तिनं मशीन रागानं फेकून दिलं असेल. शेजारणीपाशी रडली असेल. मग आपण जाऊ, ती शिव्या देईल, आपण ऐकून घेऊ, पाया पडू, आणि ती पदरानं डोळे पुसून चहा टाकेल. थोरली बहीण किती दिवस रागावणार? तिच्या रागाची ते खरोखरच वाट बघू लागले.

भाऊबीजेला ते नवी साडी आणि मिठाई घेऊन गेले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना घरघर ऐकू आली. गिरणी चालू होती. भाऊबीजेला ती चालू असलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. दारात गिऱ्हाइकांचे डबे रांगेनं लागले होते, पाट कुठे मांडलेला नव्हता, आणि राधाक्का भुवयांवर पीठ घेऊन चक्कीच्या तोंडात ज्वारी ओतत होती. अंगावर जांभळी इरकल होती, गळ्यात बोरमाळ.

तिनं त्यांना पाहिलं. खटका दाबून गिरणी बंद केली, हात पुसले, फळीवरची डबी घेतली, तीतलं मशीन काढून कानात नीट बसवलं. फेकून बिकून काही दिलं नव्हतं. दळणाला आलेल्या बाईनं कोण आलंय म्हणून विचारलं.

"क्लबाचं साहेब हायेत. मशीन चालतंय का बघाया आलेत," राधाक्का म्हणाली. तिनं गिऱ्हाइकांच्या बाकावरचं पीठ झटकलं, त्यांना बसायला सांगितलं आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. आवाजात राग नव्हता. रोज अनोळखी माणसाशी बोलतात तसं सरळ, जिथल्या तिथं बोलणं होतं. मशीन चांगलं हाय, ती म्हणाली, लोकं काय काय बोलत्यात ते आता कळतंय, तुमचे उपकार झाले. महिपतरावांनी साडीची पिशवी पुढे केली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, दळणाच्या बाईला दाखवली. मग पदर सारखा करून दाराच्या उजेडात उभी राहिली.

"फोटू काढायचा आसंल तर काढा. मी हुबी ऱ्हाते."

महिपतराव बाकावरून उठले. त्यांच्या तोंडून शब्द फुटला तो ओरडल्यासारखा, तिचे कान जात होते त्या दिवसांत ओरडायची सवय होती तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"आक्का!"

ती किंचित मागे सरली आणि तिनं कानावर हात धरला.

"हळू बोला, साहेब. आता ऐकू येतं मला."